मुंबईत कुठे थबकलात? (अनुभव धागा)

जूनमधल्या पहिल्या पावसाच्या रात्री आमच्या मुलुंडच्या घरात दरवर्षीचा गोंधळ झाला. ट्यूबलाइटभोवती पंखवाल्या मुंग्यांचा थवा जमला, ताटात, केसात, वरणात सगळीकडे त्याच. मग ठरलेलं सगळं: दिवे घालवा, खिडक्या लावा, परातीत पाणी घेऊन तिच्यात मेणबत्ती उभी करा. आम्ही मायलेकी अंधारात परातीपाशी बसलो होतो आणि लेक एकदम म्हणाली, "आई, मुंगी उडाली आकाशी!"

मुक्ताबाईंचा हा अभंग मी शिकत असताना गाइडमधून पाठ केला होता. मुंगी म्हणजे अमुक, सूर्य म्हणजे तमुक, विंचू म्हणजे आणखी काहीतरी. मार्कही पडले. पण शेवटच्या चरणात 'माशी व्याली घार झाली, देखोनि मुक्ताई हांसली' आहे, त्या हसण्याचा अर्थ गाइडात नव्हता. परीक्षेला कुणी विचारलाही नसता. त्या रात्री मेणबत्तीभोवती ते वेडे जीव गरगर फिरताना बघून आम्हाला दोघींना हसू फुटलं आणि थांबेचना. कशाला हसतोय ते दोघींनाही सांगता आलं नसतं. मुक्ताबाईंचं उणंपुरं आयुष्य अठरा वर्षांचं, १२७९ ते १२९७. म्हणजे हसल्या तेव्हा माझ्या लेकीपेक्षा फार मोठ्या नसतील.

सकाळी केरसुणीने पंखांचा ढीग काढला. नुसते पंख, आत कुणी नाही. (मुंग्या कसल्या, त्यात निम्मीअधिक वाळवी असते, असं शेजारच्या जीवशास्त्राच्या सरांनी ऐकवलं. असू दे.)

तर असं काही तुमच्याही बाबतीत झालं असेल तर लिहा. झाड, पाखरू, समुद्र, एखादी ओवी, ओट्याजवळची पाच मिनिटं, काहीही चालेल. चमत्कार नकोत, महाराजांच्या जाहिराती नकोत, फॉरवर्ड तर अजिबात नकोत.

बदलापूर फास्ट

आमच्या डब्यातल्या भजनी मंडळाचा मला मनापासून राग यायचा. सकाळी सातची गाडी, रात्रीची झोप अर्धवट, आणि कानाशी टाळ. मी इअरफोन खुपसून डोळे मिटून उभा राहायचो. ढोलकीवाले काका एखाद्या दिवशी आले नाहीत तर कुणीतरी डब्याचा पत्राच बडवायचा.

२०११-१२ ची गोष्ट असेल. तेव्हा फास्ट लोकल दिवा सोडलं की पारसिकच्या बोगद्यातून जायच्या. १.३ किलोमीटरचा बोगदा, गाडी आत शिरली की आवाज दसपट होतो. एकदा इअरफोनची बॅटरी की वायर काहीतरी गेलं होतं. 'ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा' चाललं होतं आणि गाडी बोगद्यात शिरली. चाकांचा खडखडाट, टाळ आणि तीसेक माणसांचे आवाज त्या दगडी भिंतींवर आपटून असे परत आले की कुठला आवाज कुणाचा ते कळेना. माझाही त्यात होता हे मला बाहेर पडताना कळलं. समोरचा माणूस माझ्याकडे बघून हसला, त्याने सरकून तिघांच्या बाकावर मला चौथी सीट दिली. बदलापूरच्या गाडीत चौथी सीट आपणहून मिळणं हे ज्यांना कळतं त्यांना कळेल.

चोखोबांचा हा अभंग मी शंभरदा ऐकला होता. 'काय भुललासी वरलिया रंगा' या ओळीत मला सुनावलंय असं त्या दिवसापर्यंत वाटलं नव्हतं.

आता नवी लाइन झाल्यापासून लोकल मुंब्र्याकडून वळतात, बोगदा मेल-एक्सप्रेसना. मंडळ आहे अजून. पण बोगद्यातला तो अभंग काही नाही.

रात्रपाळी

मी सिस्टर आहे, परळच्या बाजूला एका मोठ्या हॉस्पिटलात. नाव कशाला.

मार्चमध्ये एका रात्री पहाटे चारला एक आजोबा गेले. घरचं कुणी जवळ नव्हतं, कल्याणहून निघाले होते. आमचं काम असतं ते केलं, तोंड पुसलं, हात सरळ केले, चादर घातली, कागद भरले. आवरल्यावर मी नेहमी खिडकी उघडते. कुणी शिकवलं नाही, पहिल्या वॉर्डातल्या मावशी उघडायच्या म्हणून मीही उघडते.

बाहेर काळोखच होता आणि कुठलं तरी पाखरू गात होतं. साधी किलबिल नव्हे, चांगली लांब तान, मग थांबणं, मग दुसरीच तान. मी हात धुवायला निघाले होते, तशीच उभी राहिले. दहा मिनिटं असेन. त्या दहा मिनिटांत मी काहीच विचार केला नाही, हे माझ्यासाठी नवल आहे, कारण ड्यूटीवर डोक्यात सतत यादी चालू असते: तीन नंबरचं सलाइन, सातचं इंजेक्शन.

दुसऱ्या दिवशी पक्ष्यांचा नाद असलेल्या डॉक्टरांना वर्णन सांगितलं. ते म्हणाले, दयाळ. काळा-पांढरा, शेपटी वर. उन्हाळ्याच्या तोंडाला नर दिवस उजाडायच्या आधीपासून गातो, जोडीदारीणीसाठी आणि आपली हद्द सांगायला. म्हणजे त्याचं त्याच्या कामाचं गाणं होतं, आजोबांशी काही संबंध नाही. ठीक आहे. पण नाव दयाळ आहे, हे ऐकून मी ड्यूटीरूममध्ये जाऊन दार लावून रडले. का ते विचारू नका.

गच्चीवरचा

मी नास्तिक. धाग्याच्या नावात 'अध्यात्म' नाही म्हणून लिहितोय.

१५ मे, दुपारी १२ वाजून ३५ मिनिटं, आमच्या सोसायटीची गच्ची. मुंबईत वर्षातून दोनदा, मेच्या मध्याला आणि जुलैच्या शेवटी, सूर्य बरोबर डोक्यावर येतो. जुलैमधला ढगांत वाया जातो. मी स्टीलचा पेला उपडा ठेवून बसलो होतो. पापड राखायला आलेल्या जोशीकाकू "काय खूळ" म्हणाल्या. सावली आक्रसत आक्रसत पेल्याखाली गेली. काकूंची पायाखाली गेली, टाकीच्या पाइपची गेली. त्या एका मिनिटात गच्चीवरच्या सगळ्या वस्तू चित्रात चिकटवल्यासारख्या दिसत होत्या. काकूंनी चपला काढल्या. पाय भाजत असताना त्यांनी चपला का काढल्या हे मी विचारलं नाही.

शिवडी

माझा अनुभव उलटा आहे. फ्लेमिंगो बघून मन शांत होतं असं वाचून शिवडीच्या जेटीवर गेलो. शांत बसलो. श्वासाकडे लक्ष दिलं. फ्लेमिंगो होते, भरपूर, गुलाबी, लांब. चिखलाचा वास होता. डास होते. मागे कुणीतरी रील काढत होतं. काहीही झालं नाही. परत येताना स्टेशनबाहेर कटिंग प्यायली, ती मात्र चांगली होती.

वर्सोवा कोळीवाडा

आज्याने आम्हाला लहानपणी भरतीचं गणित शिकवलेलं. तिथीची पाऊणपट करायची. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, सहाला भरती. पुनवेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. रोज पाऊण तासाने दर्या पुढे सरकतो. आता मोबाइलवर मिनिटागणिक कोष्टक येतं, माझा मुलगा ते बघतो. थोडाफार फरक पडतो, पण आजा काही पार चुकत नाही.

ओहोटीला आम्ही खडकावर कालवं काढायला जायचो. अजून जाते, गुडघे बरे असले तर. खडकाच्या खोबणीत पाणी साचतं, त्यात फुलासारखं एक असतं, बोट लावलं की मिटतं. माझी आई त्याला बोट लावू द्यायची नाही. म्हणायची, तो त्याच्या घरात हाय, तू त्याच्या दारात हायेस. खाली वाकून, हातात कोयती, कमरेला टोपली, असं किती वर्षं काम केलं. मान वर केली तर सगळीकडे इमारती. खाली बघितलं तर तेच पाणी, तेच फूल. मी देवळात जाते, नारळी पुनवेला नारळही सोडते. पण खरं सांगायचं तर हात जोडावेसे वाटतात ते वाकलेली असताना, आणि तेव्हा हात मोकळे नसतात.

कारवी

हे जरा लांबेल.

बोरिवलीच्या नॅशनल पार्कात कारवी आठ वर्षांनी एकदा फुलते. मी पहिल्यांदा २००८ साली पाहिली. वडील घेऊन गेले होते. त्यांना झाडांतलं फार कळायचं असं नाही, बँकेत होते, पण ऑफिसात कुणीतरी सांगितलं आणि रविवारी सकाळी त्यांनी मला उठवलं. मी कॉलेजात होतो, चिडत चिडत गेलो. कान्हेरीच्या बाजूला उतार निळ्या-जांभळ्या रंगाने भरला होता, मधमाश्यांचा नुसता गुंजारव. वडील म्हणाले, "पुढच्या वेळी तू चोविशी ओलांडली असशील." मी हिशोब केला, सत्तावीस. त्यांचं गणित बँकेतही असंच असेल का, असं वाटून मी हसलो होतो.

२०१६ ला बायकोबरोबर गेलो, नवीन लग्न. वडिलांचे गुडघे गेले होते, त्यांना फोटो दाखवले. त्यांनी फोटो मोठा करकरून पाहिला आणि विचारलं, "वास आला का?" मला आठवेना.

२०२४ ला वडील नव्हते. मी पाच वर्षांच्या मुलाला घेऊन गेलो. या वेळी आधी वाचून गेलो होतो. कारवी एकदा फुलली की मरते. सगळी एकाच वर्षी फुलतात, बी धरतात आणि वाळतात. वाळलेल्या काठ्यांच्या कुडाच्या भिंती आदिवासी पाड्यांवर लिंपलेल्या दिसतात. बोंडं पुढच्या पावसापर्यंत काठीवरच राहतात आणि पहिलं पाणी पडलं की फुटतात. म्हणजे २००८ ला मी पाहिलेलं एकही झुडूप २०१६ ला नव्हतं. मी 'तीच कारवी' म्हणत होतो ती दर वेळी दुसरी होती. बघणाराही दुसराच होता म्हणा.

कान्हेरीच्या लेण्यांत पाण्याची टाकी आहेत, पोढी म्हणतात. शिलालेखांत ती कुणी दान दिली ते लिहिलेलं आहे, सोपारा-कल्याणच्या माणसांनी. दोन हजार वर्षांपूर्वीच्या व्यापाऱ्याने अनोळखी भिक्षूंसाठी पाण्याची सोय करून ठेवली. मी आणि मुलगा तिथे बसून डबा खात होतो. मुलाने फूल नाकाला लावलं. मी विचारलं, वास आला का? तो म्हणाला, "माशी आली."

२०२५ च्या जूनमध्ये पहिल्या पावसानंतर पुन्हा गेलो, मुद्दाम, एकटा. वाळलेल्या काठ्यांमधून फट् फट् असा आवाज येत होता. बोंडं फुटत होती. लाह्या फुटतात तसा, पण सगळ्या डोंगरावर. पावसात भिजत अर्धा तास उभा होतो. पुढची २०३२.

माहीम

आठवीत मराठीच्या बाईंनी फळ्यावर लिहिलं: 'शेख महंमद अविंध, त्याचे हृदयी गोविंद.' अविंध म्हणजे मुसलमान. श्रीगोंद्याचे संत. अख्ख्या वर्गाने वळून माझ्याकडे पाहिलं, कारण आडनाव तसं असलेला मी एकटा. तेव्हा मान खाली घातली. आमच्या घरात मराठी-कोकणीच बोलतात, आजी रत्नागिरीची, पण शाळेत हे दरवेळी पटवून द्यावं लागायचं.

आजी गुरुवारी मखदूमबाबांच्या दर्ग्यात न्यायची. मखदूम अली माहिमी, चौदा-पंधराव्या शतकातले, मोठे विद्वान. ती आत जायची आणि मी मागे किनाऱ्यावर दगड मारत बसायचो. आजीला जाऊन बारा वर्षं झाली. परवा तिथेच बसलो होतो, आतून कव्वाली आणि समोरून लाटा, आणि अचानक ती शाळेतली ओळ आठवली. या वेळी मान खाली गेली नाही. एवढंच.

गिरगावच्या आजी (नातीकडून टाइप करून घेतलंय)

माझी आई जात्यावर ओव्या म्हणायची. जनाबाईंचं 'दळिता कांडिता तुज गाईन अनंता' तिच्या तोंडी असायचं. मी लग्न होऊन चाळीत आले, पिठाची गिरणी खालीच. पुढे मिक्सर आला. मिक्सरला लय नाही हो. घरघर करतो आणि अर्ध्या मिनिटात मोकळा. त्यात ओवी कुठे बसवणार? पहिला चरण संपेपर्यंत चटणी तयार. किती वर्षं मला वाटायचं की माझंच मन लागत नाही, श्रद्धा कमी पडते. कीर्तनाला गेले, सप्ताहाला बसले, जपमाळ घेतली. झोप यायची.

मग एकदा लाटताना लक्षात आलं. पोळी लाटायला लय आहे. लाटणं पुढे, मागे, पोळी फिरवायची, परत पुढे. माझ्या हाताला एका अभंगात चार पोळ्या बरोबर होतात. शेवटची तव्यावर फुगते तेव्हा 'नामा म्हणे' नाहीतर 'जनी म्हणे' येतं. तेव्हापासून पोळ्यांना बाई लावली नाही, सुनेने कितीदा सांगितलं तरी. तिला वाटतं सासू हट्टी आहे. ते आहेच.

काल पाहुणे होते, वीस पोळ्या. सोळापर्यंत चार अभंग झाले. पाचवा 'झाडलोट करी जनी, केर भरी चक्रपाणी' धरला आणि पुढचं आठवेना. पाटी डोक्यावर घेऊन तो केर लांब टाकतो, इतपत येतं, मग अडतं. शेवटच्या चार पोळ्या वाकड्या झाल्या. कुणाला पूर्ण येत असेल तर इथे लिहा, मोठ्या अक्षरात. उद्या सकाळी दहाच्या आत लिहिलंत तर बरं, अकराला कणीक मळते मी.