बहिणीने अग्नी दिला. आता प्रश्न वडिलांच्या शिकवणुकीचा आहे

वजनकाटा :
गेल्या वर्षी आमचे वडील वारले. आम्ही दोघी बहिणी, भाऊ नाही. चुलतभाऊ पुढे होण्यास तयार असताना थोरल्या बहिणीने अग्नी दिला. दहाव्याला पिंडाला कावळा शिवायला दुपार झाली आणि त्याचे कारण आम्हीच ठरलो. तेराव्याला गावातली निम्मी पाने रिकामी राहिली, आणि त्यानंतर काकांच्या घरच्या एकाही कार्याचे आमंत्रण आम्हाला आलेले नाही.

दुःख आहेच, पण प्रश्न वेगळा आहे. वडिलांचे धान्याचे दुकान होते. मापात पाप करू नये, गिऱ्हाइकाने चुकून दिलेले जास्तीचे पैसे त्याच्या घरी नेऊन द्यावेत, हे त्यांनी आम्हाला ज्या आवाजात सांगितले, त्याच आवाजात मुलींनी स्मशानात जाऊ नये हेही सांगितले. दोन्हींचे कारण विचारले तर उत्तर एकच मिळे : ‘आपल्यात असे करत नाहीत.’ त्यातले एक आम्ही मोडले. मग दुसरे कशाच्या आधारावर उभे आहे? मूल्ये परंपरेतूनच येत असतील, तर त्यातली निवड करण्याचा अधिकार मला कोणी दिला?

पाठशाळा :
हा प्रश्न परंपरेच्या बाहेरचा नाही. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात धर्माची चार लक्षणे सांगितली आहेत : वेद, स्मृती, सदाचार आणि स्वतःच्या मनाला जे प्रिय वाटते ते. चौथे लक्षण वाचून आपल्याला हायसे वाटेल. परंतु त्याच्या लगेच आधीच्या श्लोकात असे म्हटले आहे की, जो तर्कशास्त्राचा आश्रय घेऊन श्रुतिस्मृतींचा अवमान करतो, त्या नास्तिकाला सज्जनांनी बहिष्कृत करावे. मूल्यांचा उगम आणि ती तपासणाऱ्याला होणारी शिक्षा असे शेजारी शेजारी बसले आहेत.

पुढच्या टीकाकारांनी ते चौथे दार जवळजवळ लोटूनच घेतले. याज्ञवल्क्यस्मृतीवरील मिताक्षरा टीका म्हणते की, मनाची आवड ही फक्त शास्त्राने विकल्प ठेवला असेल तेथेच प्रमाण, उदाहरणार्थ मुंज गर्भापासून आठव्या वर्षी करावी की जन्मापासून आठव्या. म्हणजे मनाला विचारायचे ते एवढेच! तरीही ते पद यादीतून कोणी खोडले नाही, आणि मला त्याचे मोल वाटते. आपला अधिकार कोठून आला याचे एक उत्तर तेथे आहे, जरी टीकाकारांना ते मान्य झाले नसते.

कोथरूडचा जुना रहिवासी :
शास्त्रार्थ ठीक आहे, पण मूळ भीती अशी दिसते की एक वीट काढली तर भिंत पडेल. ही भीती पुण्यात एका माणसाने आयुष्य पणाला लावून तपासली. गोपाळ गणेश आगरकरांनी देव, श्राद्ध, सोवळे, केशवपन यांपैकी काहीही गृहीत धरले नाही. नीतीला ईश्वराच्या आधाराची गरज नाही, माणसांच्या सुखदुःखाचा विचार पुरेसा आहे, असे ते मानत. १८८७ मध्ये ‘केसरी’ सोडून १८८८ मध्ये त्यांनी ‘सुधारक’ काढला, आणि सनातन्यांनी ते जिवंत असताना त्यांची प्रेतयात्रा काढली. पण त्यांच्या सचोटीवर बोट ठेवणे विरोधकांनाही जमले नाही. तुटपुंज्या पगारात ते शिकवत राहिले आणि १८९५ मध्ये, चाळिशीच्या आत, गेले. वीट काढली, भिंत राहिली.

उलट १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये चहा घेतल्यावरून जे प्रकरण उठले, त्यात न्यायमूर्ती रानड्यांनी पुढे प्रायश्चित्त घेतले. मित्रांच्या घरची अडचण पाहून ते झुकले. मी तरुणपणी त्यांना यासाठी भित्रे म्हणत असे. आता म्हणत नाही. कधी कधी प्रश्नाची किंमत विचारणाऱ्याला नव्हे, त्याच्या जवळच्यांना मोजावी लागते.

माळरान :
वरच्या दोन्ही उदाहरणांतील माणसे शिकलेली आणि नोकरी असलेली होती. जातपंचायतीच्या गावात वाळीत टाकलेल्या घराला किराणा मिळत नाही आणि मुलीचे लग्न अडते. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा केला. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही आहेत. मात्र न आलेल्या आमंत्रणावर कलम लावायला कोण जाणार?

वजनकाटाताई, आपल्या प्रश्नातच मला एक फरक दिसतो. मापात पाप केले तर समोरच्या गिऱ्हाइकाचे नुकसान होते. ते कोण, किती, हे दाखवता येते. आपल्या बहिणीने अग्नी दिल्याने कोणाचे काय गेले, हे काकांना विचारून पाहावे.

वजनकाटा :
काकांना विचारले असते, पण उत्तर मला माहीत आहे : त्यांच्या मते वडिलांचेच गेले. आणि वडील असते तर त्यांनीही कदाचित हेच म्हटले असते, ही बोच ‘नुकसान कोणाचे’ या कसोटीने जात नाही. दुकान आता बहीण चालवते, त्याच काट्यावर. दिवाळीचा फराळ काकांकडे पाठवणार आहे. डबा रिकामा आला की भरलेला, ते येथे कळवीन.