मदत हवी आहे: दुसरी डिस्क जोडलेली असताना संगणक हायबरनेट होत नाही

माझ्या विंडोज ११ डेस्कटॉपवरील संपूर्ण प्रणाली मी साटा हार्ड डिस्कवरून एनव्हीएमई एसएसडीवर (अधिक वेगवान नव्या डिस्कवर) क्लोन केली, म्हणजे जशीच्या तशी उतरवली असून जुनी डिस्क आता केवळ साठवणीसाठी जोडलेली आहे. स्लीप व्यवस्थित चालते. हायबरनेट (चालू काम डिस्कवर साठवून संगणक पूर्ण बंद करणे) केल्यावर मात्र पडदा काळा होतो, पंखे फिरत राहतात, डिस्कचा दिवा न लुकलुकता स्थिर पेटून राहतो आणि शेवटी पॉवरचे बटण दाबून धरावे लागते. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या नोंदवहीत) कर्नल-पॉवर ४१ ही नोंद येते, पण ती बळजबरीने बंद केल्याचीच असल्याने तिच्यातून काही उलगडत नाही.

पॉवरसीएफजी आज्ञेने हायबरनेशन बंद करून पुन्हा चालू केले, म्हणजे हायबरफिल फाइल (हायबरनेट करताना मेमरीतला मजकूर जिच्यात साठतो ती) नव्याने तयार झाली. सी ड्राइव्हवर १०० जीबीहून अधिक जागा मोकळी आहे. बायोस, एसएसडीचे फर्मवेअर आणि चिपसेटचे ड्रायव्हर अद्ययावत आहेत, फास्ट स्टार्टअप बंद आहे. जुनी डिस्क सुटी केल्यास हायबरनेट बिनतक्रार होते, परंतु ती मला रोज लागते.

त्या डिस्कवरचे जुने ईएफआय विभाजन (संगणक सुरू करणाऱ्या फाइली असलेला डिस्कचा भाग) मी अद्याप पुसलेले नाही. बिघाड त्याच्यामुळे आहे की साटा लिंकच्या (डिस्क आणि मदरबोर्डमधील जोडणीच्या) वीजबचतीमुळे, हे डिस्क फॉरमॅट न करता कसे ठरवावे?