गाजलेल्या पुस्तकाने केला तो भ्रमनिरास की हिरमोड?

पार्लेकरीण
भाचीने एका नव्या इंग्रजी किशोर-फँटसीवर परीक्षण लिहिलंय. आमच्या इमारतीच्या भित्तिपत्रकासाठी ते मराठीत आणते आहे आणि एका वाक्याशी अडले आहे. महिनोन्‌महिने रील्सवर ज्या पुस्तकाची वाहवा चालली होती, ते वाचून तिची घोर निराशा झाली, असं तिला म्हणायचंय. मी लिहिलं, "भ्रमनिरास झाला". नवऱ्याने खोडून "हिरमोड" केलं. त्याचं म्हणणं, भ्रमनिरास माणसांबद्दल होतो, चळवळींबद्दल होतो, पुस्तकाबद्दल नाही. आमच्या घरी तर नाटक पडलं तरी भ्रमनिरासच म्हणत. आणि "हाइप"ला काय लिहू?

पोरीची तक्रार अगदी नेमकी आहे. नकाशा आहे, पानांच्या रंगवलेल्या कडा आहेत, जादूची शाळा आहे. पण सुरुवातीला मंत्र म्हटला की रक्त द्यावं लागतं आणि शेवटी नायिका फुकटात डोंगर हलवते. नियम मोडला तर त्याचं कारण तरी द्या, असं तिचं म्हणणं.

जुना प्रूफरीडर
आधी एक सांगतो, कारण वर्तमानपत्रांतही "भ्रमनिराश" छापलेलं पाहतो. शब्द भ्रमनिरास आहे, शेवटी स. निरास म्हणजे दूर सारणं, शंकानिरास म्हणतो तसं. निराशेशी त्याचं नातं नाही. म्हणजे मुळात ही चांगली गोष्ट! दासबोधाच्या दहाव्या दशकात समर्थांनी अख्खा समास भ्रमनिरूपणाला दिलाय, तो भ्रम जावा म्हणूनच. दोन शब्द कानाला सारखे लागतात एवढ्यावर आपण त्याला रडका करून टाकला. तुमच्या यजमानांनी खोडलं ते योग्यच, कारण मात्र वेगळं.

माहीमची वाचक
काका, या न्यायाने "साहस"ही सोडावं लागेल. संस्कृतात त्याला अविचाराची, दांडगाईची छटा होती, आज आपण साहसाबद्दल मुलांना बक्षीस देतो. मराठी माणूस भ्रमनिरास म्हणतो तेव्हा त्याला दुःखच झालेलं असतं. शब्द वापरणाऱ्यांचा असतो.

जुना प्रूफरीडर
वापरणाऱ्यांचा असतो हे मान्य, पण वापरणाऱ्याला मूळ माहीत असावं. नाहीतर उद्या "शंकानिरास झाला" म्हणजे शंका येऊन निराश झाला, असा अर्थ कोणी लावेल.

गिरगावकर
मुंबईत याला सरळ शब्द आहे. पोपट झाला. पंधरा-सोळा वर्षांची मुलगी भ्रमनिरास म्हणेल का हो?

माहीमची वाचक
पोपट नाही चालणार. पोपट व्हायला बघणारे लागतात. चार जणांसमोर तोंडावर पडलो तर पोपट. एकटीने खोलीत बसून पुस्तक वाचलं, त्यात पोपट कुठून आला?

पार्लेकरीण
तिने वर्गात सगळ्यांना आधीच सांगून ठेवलं होतं, हे वाचाच म्हणून.

गिरगावकर
मग पोपटच! आणि हाइपला "हवा". पुस्तकाची हवा आहे, हवा केली, नुसती हवा निघाली. यापेक्षा नेमकं काय हवं?

दापोलीचा, आता डोंबिवलीत
हिरमोडबद्दल. माझी आजी सांगायची, नारळाच्या झावळीचे हीर काढताना हीर मध्येच मोडला की तो केरसुणीला निरुपयोगी. हातात आलेलं गेलं, म्हणून हिरमोड. मला ही व्युत्पत्ती फार पटते.

जुना प्रूफरीडर
मग "हिरमुसणे"त काय मोडतं? आजींबद्दल आदर आहे, पण ऐकायला गोड ते खरंच असतं असं नाही. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची 1857ची आवृत्ती घरात आहे, रात्री पाहून सांगतो.

माहीमची वाचक
हाइपला उदोउदो छान बसतो की.

दापोलीचा, आता डोंबिवलीत
कृपया नको. तो गोंधळातला, देवीचा शब्द आहे. पैसे देऊन करवलेल्या जाहिरातीला लावू नका. गाजावाजा म्हणा, गवगवा म्हणा. बोभाटा मात्र नको, त्यात बदनामी येते.

ग्रंथालयातली
तुम्ही सगळे निराशेच्या शब्दावर भांडताय, पण मुलगी निराश कशाने झाली ते पाहा. फँटसी म्हणजे अद्भुत, आणि अद्भुतरसाचा स्थायीभाव विस्मय. विस्मय नियमातून येतो. वेताळपंचविशीत राजा बोलला की वेताळ परत झाडावर, ही अट आहे म्हणून आपण श्वास धरून ऐकतो. एका कथेत राजा बोलूनही वेताळ खांद्यावरच राहिला असता तर पुढची कथा कोणी ऐकली असती? या मुलीला अट मोडलेली दिसली. रस गेला. म्हणून लिहा, "विरस झाला". आमच्या वाचनालयात जुनी माणसं अजून म्हणतात.

आणि किशोर-फँटसी हा शब्द उत्तम आहे, "यंग अडल्ट"च्या मागे लागू नका. अमेरिकेतल्या ग्रंथपालांनी 1957मध्ये या वयासाठी स्वतंत्र विभाग काढला तेव्हा त्यांच्यापुढे साधारण 12 ते 18चे वाचक होते. आपल्याकडे "किशोर" मासिक 1971पासून निघतंय. शब्द घरात आहे.

जुना प्रूफरीडर
मग फँटसी तरी का ठेवता? अद्भुतिका म्हणा.

गिरगावकर
फोर्टच्या फुटपाथवर जाऊन अद्भुतिका मागा, विक्रेता काय देतो बघू. भाची जो शब्द तोंडाने म्हणते तो तिच्या परीक्षणात असायला हवा. ती फँटसीच म्हणणार.

पार्लेकरीण
विरस मला आवडला. पण तो मैफलीचा, सहलीचा नाही का? "पावसाने सहलीचा विरस केला."

दापोलीचा, आता डोंबिवलीत
त्याला आम्ही विरजण पडलं म्हणतो. विरस आणि विरजण एकच असावेत.

ग्रंथालयातली
नाही हो. विरस रसावरून, विरजण विरजण्यावरून, दुधाचं. दोन्ही आनंदावर पडतात एवढंच साम्य.

दापोलीचा, आता डोंबिवलीत
दुधाला विरजण लावलं की दही होतं, नासत नाही. मग आनंदावर पडलेलं विरजण वाईट कसं झालं? हे कोणीतरी नीट सांगा.