रानटर्कीच्या शिकारीसाठी पहिला कॉल कोणता घ्यावा?

रानवाट:
नमस्कार. मी पेनसिल्व्हेनियात राहतो. शिकारीचा सुरक्षा-वर्ग पूर्ण करून परवाना काढला आहे आणि येत्या वसंतात रानटर्कीच्या शिकारीला प्रथमच जाणार आहे. भारतात १९७२ च्या कायद्यानंतर ही वाट बंदच झाल्यामुळे घरात विचारावे असे कोणी नाही. दुकानात लाकडी पेटीचा, पाटीचा आणि तोंडात धरायचा पातळ रबरी पडद्याचा असे तीन प्रकारचे कॉल, म्हणजे टर्कीचा आवाज काढायची साधने, पाहिली. नवख्याने कोणता घ्यावा?

डोंगरकडा:
पेटीचा घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. आर्कान्सातील हेन्री गिब्सन यांनी १८९७ मध्ये ज्या रचनेचे पेटंट घेतले, तीच थोड्याफार फरकाने आजही विकली जाते. झाकण पेटीच्या पातळ कडेवरून हलकेच सरकवले, की आधी उंच आणि लगेच खाली उतरणारा असा मादीचा दुहेरी स्वर उमटतो. झाकण दाबू नये, त्याचे वजन पुरेसे असते. कडेला तेलविरहित खडू लावावा आणि पावसात पेटी प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावी. पाटीचा कॉल अधिक मऊ बोलतो, मात्र त्याची कांडी पेनासारखी धरून, टोक पाटीवरून न उचलता लहान लंबगोल काढण्याचा हात बसायला वेळ लागतो.

कॉलपेक्षा मला महत्त्वाचे वाटते ते गप्प बसणे. निसर्गात नर साद घालतो आणि मादी त्याच्याकडे जाते. आपण हा क्रम उलटा करायला निघालेलो असतो. म्हणून नर पुष्कळदा बंदुकीच्या टप्प्याबाहेरच पिसारा फुलवून थांबतो आणि मादीची वाट पाहतो. अशा वेळी आणखी आवाज काढत राहिले, तर तो जागचा हलत नाही. कॉल खाली ठेवून हाताने वाळलेली पाने दोन-तीनदा खरवडावीत, म्हणजे मादी चरत असल्याचा भास होतो, आणि मग शांत राहावे.

पानगळ:
वरील सल्ला योग्य आहे. तथापि पेटीला दोन्ही हात लागतात आणि टर्कीची नजर इतकी तीक्ष्ण असते, की तो जवळ आल्यावर बोट हललेलेही त्याला दिसते. त्यामुळे पडद्याच्या कॉलचा सराव आत्तापासूनच, गाडी चालवताना रोज थोडा, सुरू करावा. आणखी एक गोष्ट कळकळीने सांगतो. नराची साद ऐकून तिच्या रोखाने दबकत जाऊ नये; तो आवाज दुसऱ्या शिकाऱ्याचा असू शकतो, आणि पेनसिल्व्हेनियात वसंतात अशी दबकत शिकार करण्यास मनाईच आहे. खांद्यांपेक्षा रुंद बुंध्याला पाठ टेकून बसावे. लाल, पांढरा, निळा हे रंग अंगावर, अगदी रुमालातही, नसावेत. नराच्या डोक्याचे रंग तेच असतात.

रानवाट:
मनःपूर्वक आभार. पेटी घेतो. पडद्याचा कॉल दुकानात तोंडात धरून पाहिला होता, पण टाळूला लावताच उबळ आली. यावर काही उपाय आहे का?

पानगळ:
आहे. चौकटीभोवतीची पट्टी कात्रीने थोडी थोडी कापून टाळूच्या मापाची करावी आणि चौकट बोटांनी किंचित वाकवावी. पहिले काही दिवस आवाज न काढता नुसता तोंडात धरावा, म्हणजे सवय होते. वापरून झाल्यावर धुऊन, पडदे एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मध्ये दात कोरण्याची काडी सरकवून, फ्रीजमध्ये ठेवावा.