मदत हवी आहे : अँकीमध्ये नव्या कांजीला पहिला शेरा कोणता द्यावा?

नमस्कार. जपानी कांजी, म्हणजे चिनी लिपीतून आलेली अक्षरे, शिकण्यासाठी मी अँकी हे कार्डांची उजळणी करून घेणारे अ‍ॅप वापरतो आणि नव्या कार्डाच्या पहिल्या शेऱ्याबद्दल मला मार्गदर्शन हवे आहे. जे अक्षर पूर्वी पाहिलेलेच नाही, त्याच्या बाबतीत उत्तर वाचून 'अगेन' (आठवले नाही) दाबावे, की अर्थ समजला म्हणून 'गुड' (आठवले)? अँकीच्या उजळणी ठरवण्याच्या जुन्या पद्धतीत शिकण्याच्या टप्प्यातील 'अगेन'मुळे कार्डाचा ईझ (उजळण्यांमधले अंतर किती वाढवायचे ते ठरवणारा गुणक) घटत नाही. एफएसआरएस या नव्या पद्धतीत मात्र पहिल्याच शेऱ्यावरून स्मरणाची सुरुवातीची स्थिरता, म्हणजे आठवण किती काळ टिकेल याचा अंदाज, ठरते, म्हणून हा निर्णय मला महत्त्वाचा वाटतो.

सारख्या दिसणाऱ्या जोड्यांची अडचण अधिक मोठी आहे. 'मात्सु' म्हणजे वाट पाहणे आणि 'मोत्सु' म्हणजे हातात धरणे, या दोन्ही कांजींचा उजवा भाग एकच, देवळाचे अक्षर. फरक केवळ डावीकडच्या घटकाचा. अर्थ आठवला पण उच्चार चुकला, तर 'हार्ड' द्यावे का? माझ्या समजुतीप्रमाणे 'हार्ड' म्हणजे कष्टाने का होईना, पण बरोबर आलेले उत्तर, त्यामुळे इथे 'अगेन'च योग्य असावे. की अर्थ आणि उच्चार यांची कार्डेच वेगळी करावीत? जोयो यादीतील, म्हणजे जपानमध्ये नित्य वापरासाठी ठरवलेल्या, २१३६ कांजींपैकी बराच पल्ला ज्यांनी गाठला आहे, त्यांनी आपली पद्धत कृपया सविस्तर सांगावी.