शब्दचर्चा: ‘अजून येत नाही’ म्हणजे नक्की काय?

धंतोलीकर
शंकरनगरच्या एका अभ्यासिकेत नीट आणि सीईटीच्या मुलांना वाटायचं दोन पानी पत्रक मराठीत होतंय. दोन ठिकाणी अडलंय. ‘ग्रोथ माइंडसेट’ला, म्हणजे क्षमता प्रयत्नाने वाढते या समजुतीला, मसुद्यात ‘वाढीव मनोवृत्ती’ आहे. पण वाढीव म्हटलं की मुलांना एकतर खेळाडूंचे वाढीव गुण आठवतात, नाहीतर ‘लय वाढीव आहे बे’. दुसरं जास्त अवघड. ही कल्पना मांडणाऱ्या मानसशास्त्रज्ञ कॅरल ड्वेक यांच्या मांडणीत ‘यट’ (yet) या इवल्याशा शब्दाला फार महत्त्व आहे: हे मला येत नाही, यट. त्याचं ‘हे मला अजून येत नाही’ केलं, तर वाचणारे म्हणतात, हा टोमणा वाटतो.

पाटीपेन्सिल
टोमणाच आहे तो. ‘बारावीत गेलास, अजून त्रिकोणमिती येत नाही?’ इथे अजून म्हणजे एवढा वेळ जाऊनही. इंग्रजीत यट आणि स्टिल वेगळे, आपल्याकडे एकटा ‘अजून’ दोघांची हमाली करतो. मराठीत यटचं काम खरं तर क्रियापद करतं. ‘जेवलात का?’ला उत्तर ‘जेवायचंय’. म्हणजे झालेलं नाही, पण होणार हे धरलेलंच आहे. तसं ‘ऑर्गॅनिक यायचंय’.

संत्रासाल
‘ऑर्गॅनिक यायचंय’ म्हणजे पुस्तक दुकानात यायचंय.

तर्रीपोहे
आपल्या नागपुरात ही सोय आधीपासून आहे ना भाऊ. ‘मले गणित येत नाही’ म्हणजे विषय संपला. ‘मले हे गणित येऊन नाही राहिलं’ म्हणणारा अजून वही उघडी ठेवून बसला आहे. पत्रकात हेच छापा.

शुद्धमती
‘येऊन राहिलं’ ही हिंदीच्या ‘आ रहा है’ची सावली. छापील पत्रकात प्रमाण मराठीच हवी. ग्रोथ माइंडसेटला ‘वर्धिष्णू वृत्ती’ म्हणा. राजमुद्रेमुळे शब्द सगळ्यांच्या कानावरून गेलेला आहे.

पाटीपेन्सिल
राजमुद्रेतली चंद्रकोर आपोआप वाढते, शुद्धमतीताई. तिला चुकांची वही ठेवावी लागत नाही. ‘वृत्ती’ म्हटलं की स्वभाव आला, आणि स्वभाव बदलत नाही हे तर आपण पोरांना रोजच ऐकवतो.

मुळात पत्रकात वृत्तीवर दोन पानं आणि वहीवर दोन ओळी असतील तर शब्द कोणताही घाला, फरक पडणार नाही. वहीचे चार रकाने: प्रश्न क्रमांक, मी काय केलं, का चुकलं, पुन्हा कधी. ‘का चुकलं’मध्ये पाचच कारणं ठेवा: संकल्पनाच माहीत नव्हती, प्रश्न चुकीचा वाचला, आकडेमोड, वेळ संपला, तुक्का. तिसऱ्या दिवशी आणि पुन्हा दहाव्या दिवशी तोच प्रश्न उत्तर झाकून सोडवायचा. दोन्ही वेळा सुटला तरच त्यावर काट मारायची. मुलं बिघडवतात ती इथेच. क्लासने दिलेलं आख्खं उत्तर तीन रंगांच्या पेनांनी वहीत उतरवतात, वही देखणी होते आणि प्रश्न तसाच राहतो. तीन तासांचा पेपर सोडवला तर त्याच्या चिरफाडीला निदान तेवढाच वेळ द्यावा. रोज नवा पेपर देणाऱ्याला तो मिळत नाही.

आणि पेपर सोडवतानाच अंदाजाने मारलेल्या उत्तरापुढे ‘तु’ लिहायला लावा. नीटला 180 प्रश्न, 720 गुण, बरोबरला चार, चुकीला वजा एक. 120 बरोबर, 40 चूक, 20 सोडले, तर 440. त्या 120 मध्ये 18 तुक्के असतील तर पोराला प्रत्यक्षात 102 प्रश्न येतात. बरोबर लागलेला तुक्काही वहीत गेला पाहिजे. सीईटीला चुकीचे गुण कापत नाहीत, तिथे सगळेच एकही प्रश्न न सोडता उत्तर ठोकतात, म्हणून तिथे हे ‘तु’ जास्तच लागतं.

संत्रासाल
तुक्का म्हणजे टोक नसलेला बाण. ‘लगा तो तीर, नहीं तो तुक्का’ त्यातूनच आलं. शुद्धमतीताई, हाही हिंदीतूनच आला, काढायचा का?

शब्दच हवा असेल तर ग्रोथच्या उलट्या ‘फिक्स्ड माइंडसेट’ला, म्हणजे स्थिर मानसिकतेला, मराठीत एकाक्षरी शब्द आहे: ढ. ब्राह्मीपासून आजपर्यंत बाकी अक्षरं ओळखू येणार नाहीत इतकी बदलली, ढ जवळपास तसाच राहिला, म्हणून न बदलणारा पोरगा ढ, असं सांगतात.

शुद्धमती
ही व्युत्पत्ती गोड आहे म्हणून संशयास्पद आहे. वर्गात ‘ढ’ म्हणणाऱ्या किती मास्तरांनी ब्राह्मी पाहिली होती?

संत्रासाल
बरं, मग ‘हुशार’ घ्या. फारसीतला होशियार म्हणजे जागा, सावध. तापातून उठलेला माणूस ‘आता हुशारी वाटते’ म्हणतो, तेव्हा बुद्ध्यांक वाढला असं कोणी समजत नाही. म्हणजे हुशारी येते-जाते. आपण तिला जन्मजात करून टाकलं. म्युलर आणि ड्वेक यांच्या 1998 च्या प्रयोगात पाचवीतल्या ज्या मुलांना ‘हुशार आहेस’ म्हटलं, ती पुढे अवघड कोडं आल्यावर कष्टाचं कौतुक झालेल्यांपेक्षा लवकर ढेपाळली.

पाटीपेन्सिल
पण म्हणून ‘मेहनत कर’ हेही पुरत नाही. तसं सांगितलं की पोरगं येणारीच 40 गणितं पुन्हा सोडवतं. ‘टॉर्कच्या पाचपैकी तीन प्रश्नांत अक्ष चुकीचा धरलास, उद्या फक्त आकृती काढ, उत्तर काढू नको’, असं सांगावं लागतं. शिवाय नुसत्या पत्रकाकडून फार आशा नको. अमेरिकेत नववीच्या सुमारे बारा हजार मुलांवर झालेला अभ्यास 2019 मध्ये आला. तासाभराहून कमी वेळाच्या ऑनलाइन पाठानंतर मागे असलेल्यांची गुणसरासरी साधारण 0.1 ने वाढली, तीही चारपैकी.

शुद्धमती
‘अभ्यास झालेला’ नव्हे, संशोधन. अभ्यास म्हणजे पुन्हापुन्हा करणं. ‘ददाति’मध्ये द दोनदा येतो, त्यातल्या पहिल्या द-ला संस्कृत व्याकरणात अभ्यास म्हणतात.

तर्रीपोहे
म्हणजे तिसऱ्या आणि दहाव्या दिवशी तोच प्रश्न सोडवणं हाच अभ्यास, आन वाचत बसणं हे नुसतं वाचत बसणं. मंग ग्रोथ माइंडसेटले ‘अभ्यासू’ म्हणून टाका.

संत्रासाल
अभ्यासू म्हणजे चष्मा.

धंतोलीकर
पत्रक शुक्रवारी छापायला जातंय. शीर्षक काय ठेवू?

तर्रीपोहे
ते होते, राजेहो. आधी सांगा, वहीत पोरं ‘सिली मिस्टेक’ लिहितात त्याचं काय करायचं? पाच कारणांत तर ते बसतच नाही.

पाटीपेन्सिल
लिहूच द्यायचं नाही. सिली म्हटलं की ती चूक माफ होते. ‘वजा चिन्ह सुटलं’, ‘सेंटिमीटरचे मीटर केले नाहीत’, असं नेमकं लिहावं. महिन्याभरात तेच चिन्ह सहा वेळा सुटलेलं दिसलं की पोरगं स्वतःच त्याला सिली म्हणत नाही.

संत्रासाल
तरी एक शब्द हवाच असेल तर ‘अनावधान’ चालेल.

शुद्धमती
अनवधान.