काजूच्या दुकानाची साइट सट्ट्याच्या पानावर जाते

फोंड्याचा काजूवाला: आमची वर्डप्रेसवर (साइट बनवायच्या सॉफ्टवेअरवर) केलेली साइट मी थेट उघडली की ठीक. गिऱ्हाईक मोबाइलवर गूगलवरून आलं की सट्ट्याचं पान! चवथीच्या ऑर्डरी तोंडावर आहेत. पत्त्याशेजारी एचटीटीपीएसचं, म्हणजे सुरक्षित जोडणीचं, कुलूप तर दिसतंय.

म्हापसेकर: कुलूप फक्त वाटेतली माहिती झाकतं. आत कोण शिरलंय ते त्याला काय ठाऊक? वर्डप्रेसच्या यूझर्स यादीत सगळे हक्क असलेला अनोळखी अ‍ॅडमिन आहे का बघा. थीम (साइटच्या रूपाचा तयार साचा) विकतची, पण फुकटात मिळवलेली असेल तर माझा संशय तिच्यावरच.

फोंड्याचा काजूवाला: थीम भाच्याने टाकलेली. विचारतो त्याला.

डिचोलीची ताई: भाच्याला नंतर झोडा, दादा. आधी घुसखोरीपूर्वीचा बॅकअप चढवा, ती थीम काढा, प्लगइन (साइटला जोडलेली छोटी सॉफ्टवेअरं) अपडेट करा. होस्टिंग आणि डेटाबेसचेही पासवर्ड बदला, नाहीतर परत शिरतील. मग सर्च कन्सोलमध्ये (गूगलचं साइटमालकांसाठीचं साधन) फेरतपासणी मागा.